आठ शिलिंगांचा विद्यार्थी

सहामाही परीक्षा आणि दिवाळी यांची गाठ कोणी घातली कोण जाणे; पण ज्याने घातली त्याला घरातल्या पोरांचे सुख पाहवत नसावे, एवढे खरे. काही शाळा निकाल सुटीआधी हातात ठेवतात, काही सुटीनंतर. पहिल्या प्रकारात फराळ कडू होतो, दुसऱ्यात तो धाकधुकीत खाल्ला जातो. गेली काही वर्षे तर शाळेच्या प्रगतिपुस्तकाबरोबर आणखी एक कागद घरी येऊ लागला आहे. गुळगुळीत, रंगीत, वर उभ्या पट्ट्यांचा आलेख. कुठल्या तरी बाहेरच्या मंडळींनी घेतलेल्या प्रमाणित चाचणीचा तो अहवाल असतो. वाचन : ७८. गणित : ९१. आपले अपत्य त्याच्या वयाच्या शंभर मुलांपैकी इतक्या मुलांच्या पुढे आहे. खाली बारीक अक्षरात शाळेची सरासरी आणि तिच्या शेजारी देशाची सरासरी.

हा कागद आल्यावर घरात काय घडते ते वाचकांना आम्ही सांगायला नको. वडील आधी गणिताचा आकडा पाहतात, आई वाचनाचा, आणि आजोबा 'आमच्या वेळी' म्हणून सुरुवात करतात. शेजारच्या मुलाला किती, ही चौकशी संध्याकाळपर्यंत पुरी होते. हा आकडा नेमके मोजतो काय, हे मात्र विचारायचे राहून जाते. एरवी या जागी आम्हाला दीड रकाना मिळतो. दिवाळीनिमित्त संपादकांनी हात सैल सोडला आहे, तेव्हा जरा लांबून, म्हणजे दीडशे वर्षांहूनही मागून येऊ.

१८५८ साली इंग्लंडात एक चौकशी मंडळ बसले. न्यूकॅसलचे ड्यूक त्याचे अध्यक्ष होते. गोरगरिबांच्या शाळांना सरकार अनुदान देते, त्या पैशाचे होते काय, हे पाहायचे काम त्याच्याकडे होते. १८६१ मध्ये अहवाल आला. मास्तरांचे सारे लक्ष वरच्या वर्गातल्या हुशार मुलांकडे असते, धाकट्यांना साधे वाचन, लेखन आणि हिशेब धड येत नाहीत, अशी त्यातली मुख्य तक्रार. तक्रार खोटी नव्हती. शिक्षणखात्याची सूत्रे तेव्हा रॉबर्ट लो यांच्या हाती होती. गृहस्थ मोठे बुद्धिमान, व्यापारी हिशेबाचे. त्यांनी १८६२ साली नवे नियम केले. पैसा पाहिजे ना? मग मुलाला काय येते ते दाखवा आणि घेऊन जा. या पद्धतीला नाव पडले 'निकालानुसार मोबदला'.

नियम असे. सरासरी हजेरीप्रमाणे दर मुलामागे चार शिलिंग. शिवाय सहा वर्षांवरचे जे मूल वर्षात दोनशे वेळांहून अधिक हजर राहिले असेल, त्याच्यामागे आणखी आठ शिलिंग. पण ते परीक्षेनंतर. सरकारी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येणार, एकेका मुलाची वाचन, लेखन आणि गणितात परीक्षा घेणार. एका विषयात मूल नापास झाले की दोन शिलिंग आठ पेन्स कापले. तिन्ही विषयांत नापास झाले की आठही गेले. मुलांच्या सहा पायऱ्या ठरवल्या होत्या, त्यांना म्हणायचे स्टँडर्ड. पहिल्या पायरीवरच्या मुलाने एकाक्षरी शब्दांची लहानशी गोष्ट वाचायची आणि विसापर्यंतचे आकडे काढायचे. सहाव्या पायरीवरच्याने वर्तमानपत्रातला परिच्छेद वाचायचा आणि व्यापारी बिलाचा हिशेब करायचा. आपल्या मुंबईच्या आया अजूनही 'थर्ड स्टँडर्डला आहे' म्हणतात, तो शब्द याच घराण्यातला. आपला 'इयत्ता' हा शब्दही काही वेगळे सांगत नाही. संस्कृतात 'इयत्' म्हणजे 'एवढे', आणि इयत्ता म्हणजे एवढेपणा, माप. चौथी इयत्ता म्हणजे चौथे माप! आपण मुलांना वर्गात घालतो असे समजतो. भाषा म्हणते की मापात घालतो.

आता त्या काळच्या मास्तराच्या जागी क्षणभर उभे राहून पाहा. अनुदान शाळेच्या चालकांच्या हाती पडणार आणि आपला पगार त्या अनुदानाच्या आकड्यावर हलणार. समोर साठ पोरे. वीस जणांना येते, वीस जणांना थोड्या रगड्याने येईल, आणि वीस जणांना काही केल्या यंदा येणार नाही. तुम्ही कोणाकडे लक्ष द्याल? पहिल्यांचे आठ शिलिंग नक्की आहेत, शेवटच्यांचे बुडीत खाती आहेत. मधल्या वीस पोरांना वर्षभर घोटायचे. इतिहास, भूगोल, गाणे, चित्र यांना शिलिंग नाहीत, म्हणजे त्यांना वेळ नाही. यात मास्तर लबाड होता असे समजण्याचे कारण नाही. त्याला बायकापोरे होती.

मॅथ्यू अर्नोल्ड हे नाव इंग्रजी कवितेच्या वाचकांना ठाऊक असेल. हे कवी पोटासाठी शाळांचे इन्स्पेक्टर होते, १८५१ पासून पस्तीस वर्षे. त्यांनी आपल्या सरकारी अहवालांतून या पद्धतीवर जे लिहिले ते आजही ताजे वाटते. ते म्हणतात, वर्षाच्या सुरुवातीला त्या पायरीसाठी एक पुस्तक निवडतात. वर्षभर मुले तेच पुस्तक वाचतात, पुन्हा पुन्हा, दुसरे कुठलेही नाही. इन्स्पेक्टर आला की त्यातलीच दोन वाक्ये वाचायला देतो. मूल घडाघडा म्हणून दाखवते. पास! आणि दुसरे कुठलेही पुस्तक त्याच मुलाच्या हातात दिले तर त्याला ते नीट वाचता येत नाही. म्हणजे वाचनाचा निकाल वाढत होता आणि वाचन होते तिथेच होते. सरकारचा मात्र फायदा झाला. सुमारे ८ लाख १३ हजार पौंडांचे अनुदान १८६५ पर्यंत सुमारे ६ लाख ३७ हजारांवर उतरले. ही पद्धत तीसएक वर्षे चालली आणि १८९० नंतरच्या दशकात हळूहळू मोडीत निघाली.

साहेबाच्या घरी शिजलेले आपल्या पानात पडायला वेळ लागत नसे. मुंबई इलाख्यातही अनुदानित शाळांना निकालावर पैसे देण्याची रीत आली. डेप्युटी साहेब येणार म्हणून शाळा सारवायची, पोरांना धुतलेल्या टोप्या घालायच्या आणि ठरलेल्या प्रश्नांची ठरलेली उत्तरे पाठ करून ठेवायची, हे सोहळे आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिले आहेत. १८८२ साली हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखाली शिक्षणाची चौकशी झाली, तेव्हा पुण्याहून जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबरला आपले निवेदन दिले. त्यांनी काढलेल्या पहिल्या शाळेला तेव्हा चौतीस वर्षे झाली होती, म्हणजे शाळा कशी चालते हे त्यांना ऐकून माहीत नव्हते. निकालावर पैसे देण्याची पद्धत गरीब, अडाणी लोकांत शिक्षण पसरवण्याच्या कामाची नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. ज्यांच्यात शिक्षणाची गोडीच अजून उत्पन्न झालेली नाही, त्यांच्यात स्वतःच्या हिमतीवर शाळा काढून कोणता मास्तर पोट भरणार? हिशेब साधा आहे. ज्या वस्तीत मुले आधीच वाचायला शिकून येतात तिथे निकाल स्वस्तात मिळतो. जिथे घरात पाटी नाही तिथे तो महाग पडतो. दर एकच ठेवला की मास्तर कुठे जाईल?

जोतीरावांच्या त्या निवेदनात आणखी एक गोष्ट आहे, आणि आम्हाला ती फार मोलाची वाटते. डेप्युटीने वर्षातून एकदा येण्याचा काही उपयोग नाही, निदान तीन महिन्यांनी यावे, आणि मधूनमधून आगाऊ वर्दी न देता यावे, अशी त्यांची सूचना होती. तपासणी नको असे ते म्हणत नाहीत. सजवलेली तपासणी नको म्हणतात. हंटर मंडळाने मात्र प्राथमिक शाळांसाठी निकालानुसार मोबदल्याचीच शिफारस केली.

कोणी म्हणेल, हे सारे जुने झाले. तर आता अमेरिकेत चला. ८ जानेवारी २००२ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी एका कायद्यावर सही केली. नाव मोठे गोड : 'एकही मूल मागे राहू नये'. तिसरीपासून आठवीपर्यंत प्रत्येक मुलाची दरवर्षी वाचनाची आणि गणिताची चाचणी. प्रत्येक शाळेने दरवर्षी ठरल्याप्रमाणे वर सरकायचे, आणि २०१४ सालापर्यंत शंभरच्या शंभर मुले पात्र झाली पाहिजेत. सतत मागे पडणाऱ्या शाळेतून मुले दुसरीकडे नेण्याची मुभा, पुढे कर्मचारी बदलणे, शाळेची फेररचना. शंभर टक्के! आमच्या माहितीत शंभर टक्के फक्त बेरीज चुकल्यावर लागतात. पात्रतेची रेषा कुठे आखायची हे मात्र ज्या त्या राज्यावर सोडले होते. म्हणजे पोराला उंच करता आले नाही तर दाराची चौकट खाली आणण्याची सोय होती.

या कायद्याची एक बाजू चांगली होती, तीही सांगितली पाहिजे. शाळेची एकच सरासरी दाखवून भागत नसे. गरीब मुले, कृष्णवर्णीय मुले, अपंग मुले, घरी इंग्रजी न बोलणारी मुले, यांचे निकाल वेगवेगळे मांडावे लागत. चांगल्या नावाच्या शाळांतही कोण मागे बसले आहे ते त्यामुळे उघड दिसू लागले.

पण मग अटलांटाचे प्रकरण झाले. जॉर्जिया राज्यातले हे मोठे शहर. तिथल्या सार्वजनिक शाळांचे निकाल दरसाल चढत होते, गरीब वस्त्यांतल्या शाळा वर येत होत्या, आणि २००९ साली तिथल्या अधीक्षक बाईंना राष्ट्रीय सन्मान मिळाला. त्या चाचणीत मुले पेन्सिलीने गोल काळे करीत. उत्तरपत्रिका यंत्राने तपासल्या जात, आणि यंत्राला एक गोष्ट कळते जी डोळ्याला सहसा कळत नाही : खोडरबराचा डाग. कुठले उत्तर खोडले आणि कुठले नवे काळे केले, हे ते मोजू शकते. मूल खोडते तेव्हा कधी चुकीचे बरोबर करते, कधी बरोबरचे चुकीचे करते. २०१० साली राज्याने मोजणी केली तेव्हा काही वर्गांत चुकीचे खोडून बरोबर केलेली उत्तरे इतकी निघाली की योगायोगाने तसे घडणे जवळजवळ अशक्य होते. राज्यपालांनी चौकशी बसवली. जुलै २०११ मध्ये अहवाल आला. ५६ शाळा तपासल्या, त्यांतल्या ४४ शाळांत गैरप्रकार. १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापक गुंतलेले. परीक्षा संपल्यावर शिक्षक मंडळी एकत्र बसून मुलांच्या उत्तरपत्रिका दुरुस्त करीत होती. २०१३ मध्ये ३५ जणांवर आरोप ठेवले गेले. अधीक्षक बाईंनी आरोप नाकारले. त्यांचा खटला उभा राहण्याआधीच मार्च २०१५ मध्ये त्या वारल्या. पुढच्याच महिन्यात बाराजणांच्या खटल्यात अकरा दोषी ठरले. संघटित गुन्हेगारांसाठी केलेले कलम मास्तरणींना लावावे लागले.

या बातमीत लोकांचे लक्ष शिक्षेकडे गेले. आमचे लक्ष त्या मुलांकडे जाते. ज्या मुलीची चुकीची उत्तरे कोणी तरी खोडून बरोबर केली, तिला वाचता येत नव्हते, हे त्या कागदावरून कळले असते. मागे पडलेल्या मुलांना जादा शिकवणीची सोय होती. पण ती तर पास झाली होती! तिचे न येणे कागदावरून पुसले गेले आणि ती पुढच्या वर्गात जाऊन बसली. आकडा मास्तरांनी वापरला, अधीक्षकांनी वापरला, शहराने मिरवला. फक्त जिच्यासाठी तो काढला होता तिच्या उपयोगी तो पडला नाही.

खोडरबर न वापरताही हे होते, आणि तिथे कोणी लबाडी केलेली नसते. डॅनियल कोरेट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये एका अमेरिकन शहरातल्या तिसरीच्या मुलांची हकिकत मांडली. तिथे एक चाचणी काही वर्षे चालू होती आणि गुण छान चढले होते. मग चाचणी बदलली. विषय तोच, गणित, इयत्ता तीच, प्रश्न दुसऱ्या कंपनीचे. गुण धाडकन उतरले, सुमारे अर्ध्या शैक्षणिक वर्षाइतके. पुढच्या तीन-चार वर्षांत ते पुन्हा चढून पूर्वीच्या जागी आले. सगळ्यांना हायसे वाटले. तेव्हा या मंडळींनी एक खोडकर गोष्ट केली. काही वर्ग चिठ्ठ्या टाकून निवडले आणि त्यांना ती जुनी, मोडीत काढलेली चाचणी पुन्हा दिली. गुण परत खाली, जवळपास तेवढेच! मुले गणित जास्त शिकली नव्हती, त्या त्या चाचणीचे गणित शिकली होती. अर्नोल्ड साहेबांचे ते एकच पुस्तक, दुसरे काय?

तर मग चाचण्या बंद कराव्यात काय? पुष्कळ सज्जन लोक तसे म्हणतात. मुलांना मोजू नका, फुलांसारखे उमलू द्या, वगैरे. बोलायला छान आहे. पण ज्या मुलाला चौथीत अक्षर लागत नाही आणि जे मागच्या बाकावर गप्प बसून पुढे सरकवले जाते, त्याचे उमलणे कोण पाहणार? मोजले नाही तर ते मूल दिसतच नाही. आपल्या देशात ते कित्येक वर्षे दिसले नाही. शाळा किती, खोल्या किती, पटावर नावे किती, हे सरकार मोजत होते, आणि पटावर नाव म्हणजे शिक्षण असा समज होता.

२००५ पासून 'प्रथम' या संस्थेने 'असर' नावाची पाहणी सुरू केली. ही संस्था मूळची आपल्या मुंबईतली. या पाहणीची रीत वाचकांनी समजून घेण्यासारखी आहे. ती शाळेत होत नाही. स्वयंसेवक खेड्यात जातात, चिठ्ठी टाकल्यासारखी घरे निवडतात, आणि ओट्यावर बसून घरातल्या मुलाला एक कागद दाखवतात. त्यावर सुटी अक्षरे, मग साधे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा, मग दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. जिथवर वाचता येते तिथवर वाच. गणितात आकडे ओळखणे, मग हातच्याची वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणे. बस, एवढेच. मूल सरकारी शाळेतले असो, खासगीतले असो, की शाळेत जातच नसो, परीक्षा तीच. निकालावर कोणाचा पगार नाही, बढती नाही, त्यामुळे कोणी पाठ करून घेत नाही. जोतीरावांचा वर्दी न देता येणारा तपासनीस तो हाच, असे आम्हाला वाटते.

२०२४ साली या मंडळींनी सुमारे १८ हजार खेड्यांतली साडेसहा लाख मुले पाहिली. पाचवीतल्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी निघाली ४८.८ टक्के. भागाकार करू शकणारी ३०.७ टक्के. २०२२ साली, साथीत शाळा बंद राहिल्यानंतर, वाचनाचा हाच आकडा ४२.८ वर उतरला होता, त्या मानाने सुधारणा आहे. पण पाचवीतले निम्मे वर्ग दुसरीची गोष्ट वाचू शकत नाहीत, हे वाक्य कसेही फिरवले तरी बोचतेच.

आता मध्यमवर्गीय वाचक म्हणेल, ही खेड्यांची गोष्ट, आणि सरकारी शाळांची. आम्ही तर फी भरतो. ही पाहणी ग्रामीण आहे हे खरे. पण त्यातही खासगी शाळांचा आकडा निराळा दिला आहे. सरकारी शाळांत पाचवीचे ४४.८ टक्के, खासगीत ५९.३. फरक आहे, आणि त्या फरकात फी भरू शकणाऱ्या घरांचाही वाटा आहे. तरी शंभरांतली चाळीस मुले उरतातच.

शहरातल्या फीवाल्या शाळांचे काय, हे आम्हाला परवाच चकल्यांच्या दिवशी थोडेसे दिसले. आमच्या बहिणीचा नातू तिसरीत, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आहे. वर सांगितलेला गुळगुळीत कागद त्याच्याही घरी आला होता, आणि गणिताचा आकडा नव्वदीच्या पुढे होता. तो स्वयंपाकघरात घुटमळत होता म्हणून आम्ही त्याला विचारले, "काय रे, कढईत एका घाण्याला सात चकल्या मावतात. आजीला पंचेचाळीस करायच्या आहेत. किती घाणे होतील?"

तो म्हणाला, "मामाआजोबा, हे डिव्हिजन आहे की मल्टिप्लिकेशन?"

"ते तूच ठरव."

"नाही, ते धड्याच्या वर लिहिलेलं असतं."

शेवटी त्याने पाटीवर भागाकार केला, अगदी स्वच्छ, आणि सांगितले, "सिक्स, रिमेंडर थ्री."

झारा हातात घेऊन त्याची आजी वळली. "आणि त्या रिमेंडर तीन काय कच्च्या खायच्या?"

पोरगा हसला, विचारात पडला, आणि मग म्हणाला, "म्हणजे सात घाणे. शेवटचा छोटा." हे त्याला सांगावे लागले नाही; फक्त कढई समोर असावी लागली.

तो एकटाच असा नाही. अमेरिकेत एक राष्ट्रीय पाहणी असते. तिच्यात नमुन्यादाखल मुले घेतात, आणि कुठल्याही मुलाचा किंवा शाळेचा वेगळा निकाल लावत नाहीत. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निकालातला एक प्रश्न गणिताच्या शिक्षकांत फार गाजला. ११२८ सैनिक आहेत, एका बसमध्ये ३६ मावतात, तर बसेस किती लागतील? तेरा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ७० टक्क्यांनी भागाकार बिनचूक केला. २९ टक्क्यांनी उत्तर दिले 'एकतीस बसेस, बाकी बारा'. १८ टक्के म्हणाले एकतीस, म्हणजे बारा सैनिक रस्त्यावरच सोडले. बत्तीस हे बरोबर उत्तर देणारी फक्त २३ टक्के. भागाकार येणे आणि गणित येणे यांच्यामध्ये केवढी जागा असते, ते या एका प्रश्नाने दाखवले. आणि प्रश्नात कोणाला दंड नव्हता म्हणूनच ते दिसले, नाही तर बसचा हाच प्रश्न वर्षभर घोटून घेतला असता.

वाचनाचेही तसेच. हाच नातू इंग्रजी उतारा आगगाडीसारखा वाचतो. उताऱ्यात मगर होती. मगरीला काय हवे होते, असे विचारले तर म्हणाला, "ऑप्शन्स कुठे आहेत?" त्याचा दोष नाही. त्याला चारांतले एक निवडायला शिकवले आहे, आणि ते तो उत्तम करतो. आपल्याकडे स्कॉलरशिपची परीक्षा पूर्वी चौथीला आणि सातवीला असे, मग ती पाचवी-आठवीला गेली. तिच्या मार्गदर्शक पुस्तकांचे गठ्ठे आपण घरोघर पाहिले आहेत. हुशार, पण पैसा नसलेल्या कित्येक मुलांना तिने हात दिला, हे आम्ही कधी विसरणार नाही. पण त्या गठ्ठ्यातल्या वीस नमुना प्रश्नपत्रिका सोडवल्यावर एकविसावी सोपी जाते, ते मूल किती वाढले म्हणून आणि किती सवय झाली म्हणून, हे वेगळे काढता येत नाही.

चाचणीचा खरा उपयोग कसा होतो, त्याचेही उदाहरण मुंबईतच आहे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोदा इथल्या महापालिकेच्या शाळांत 'बालसखी' नावाचा प्रयोग झाला. तिसरी-चौथीतली जी मुले मागे आहेत ती आधी शोधून काढायची. पंधरा-वीस मुलांचा गट करायचा. वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी रोज दोन तास त्यांना वाचन आणि हिशेबाचे मूळ शिकवणार. तिला पगार थोडा आणि प्रशिक्षण थोडे. तरी मुले वर आली, आणि जी सर्वांत मागे होती त्यांचा फायदा जास्त झाला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे मोजमाप केले. २०१९ साली नोबेल मिळालेल्या तिघांतले हे दोघे. तिथेही चाचणी होतीच. पण तिच्या निकालाने कोणाचा पगार ठरला नाही, कुठल्या मुलाला कुठून शिकवायला सुरुवात करायची ते ठरले.

म्हणून सुटीत घरच्या घरी एक चाचणी घेऊन पाहावी, असे आम्ही सुचवू. मुलाने न पाहिलेले पुस्तक घ्या, त्याच्या इयत्तेहून एक पायरी खालचे. पान मोठ्याने वाचू द्या. मध्ये टोकू नका. मग पुस्तक मिटून, काय झाले ते त्याच्या शब्दांत सांगायला लावा. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला हे इंग्रजीत आणि मराठीत, दोन्हींत करायला लावा. कुठे अडते ते तुमचे तुम्हालाच कळेल. हिशेब मात्र कागदावर देऊ नका. वाण्याच्या दुकानात द्या, एस. टी.च्या वेळापत्रकावर द्या, पणत्यांच्या तेलावर द्या. गुणायचे की भागायचे हे सांगू नका. पाच मिनिटे गप्प बसणे आईबापांना फार जड जाते, ते तेवढे जमवा. आणि कृपा करून गुण देऊ नका.

शाळा उघडली की पालकसभा होईल. तिथे बाई तो रंगीत आलेख भिंतीवर दाखवतील, शाळेची पट्टी देशाच्या पट्टीहून उंच असेल, टाळ्याही पडतील. तेव्हा एकाने उठून नम्रपणे विचारावे की, वर्गातल्या किती मुलांना न पाहिलेला उतारा वाचता येत नाही, आणि त्यांच्यासाठी आठवड्यातले कोणते तास ठेवले आहेत? बाई गडबडल्या तर त्यांना वेळ द्यावा. हा प्रश्न त्यांना बहुधा कोणी विचारलेला नसतो, आणि उत्तर त्यांना बहुधा माहीत असते. कुठल्या बाकावर कोण बसते, तिथपर्यंत.